लहान शस्त्र आणि मोठा प्रश्न

धमक्या आलेल्या कुटुंबांकडून आम्हांस विचारणा होते की, स्वसंरक्षणार्थ कोणते लहान रिव्हॉल्व्हर घ्यावे? २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने .३२ बोअरचे ‘निर्भीक’ विक्रीस आणले. त्याचे वजन सुमारे अर्धा किलो, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या घरात. पुढे आलेले .२२ बोअरचे ‘निडर’ त्याच्या निम्म्या वजनाचे आहे. ते बाळगण्यास सोपे खरे. परंतु त्याची गोळी हल्लेखोरास जागीच थोपवील असा भरवसा नाही, आणि प्राण मात्र ती घेऊ शकते. नियमित सराव होणार असेल तर .३२ घ्यावे, होणार नसेल तर शस्त्र घरात आणूच नये.

पण सव्वा लाख रुपये कोणत्या शेतमजुराजवळ आहेत? म्हणून अत्याचार प्रतिबंधक नियम, १९९५ यांतील तिसरा नियम वाचा. अत्याचाराचा संभव असलेल्या भागात, आवश्यक वाटल्यास, सरकारने अनुसूचित जातींच्या लोकांस शस्त्रपरवाने द्यावेत आणि इतरांचे परवाने रद्द करून शस्त्रे जमा करावीत, असे तो सांगतो. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांसही हे संरक्षण आहे. आमच्या मते, ‘आम्हांस शस्त्र द्या’ या मागणीआधी ‘त्यांची शस्त्रे जमा करा’ ही मागणी झाली पाहिजे.

शासनाकडे धाव घेण्यास अवसर असेल तर भारतीय न्याय संहितेचे ३७ वे कलम बचावाचा हक्क देत नाही. तेव्हा बंधुभगिनींनो, धमकी येताच पोलीस ठाण्यात व जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच जपून ठेवा.