ड्रेसकोड ‘कम्पल्सरी’ कुणासाठी?

जानेवारी उजाडला की कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक रंगीत पोस्टर पडतंच. सोमवारी साडी डे, मंगळवारी ट्विन डे, बुधवारी ब्लॅक अँड व्हाइट, गुरुवारी ट्रॅडिशनल डे आणि शुक्रवारी गॅदरिंग. खाली दोन-तीन हार्ट आणि ठळक अक्षरात ‘ड्रेसकोड कम्पल्सरी’. तुम्हीही ते पोस्टर स्टेटसला ठेवलं असेल. आता जरा आठवून बघा, त्या आठवड्यात तुमच्या वर्गातून कोण कोण गायब असतं? कुणाची तब्येत बरी नसते, कुणाला नेमकं तेव्हाच गावाकडं काम निघतं, कुणी म्हणतं, ‘मला हे डेज वगैरे आवडतच नाहीत.’ कारणं दरवर्षी बदलतात. पोरी मात्र बऱ्याचदा त्याच असतात.

या पोरींना नटायला आवडत नाही, असं अजिबात नाही. कपाटात पाच दिवसांचे पाच कपडे नसतात, आणि ते सांगायची लाज वाटते, एवढीच खरी गोष्ट असते. आज बोलायचंय ते त्यांच्याबद्दल.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. छान कपडे घालणं वाईट, नटणं म्हणजे टाइमपास, असलं काही इथं सांगायचं नाहीये. वर्षभर क्लास, प्रॅक्टिकल, मेस आणि रूम यात अडकलेल्या पोरीला एक दिवस साडी नेसून, गजरा माळून मैत्रिणींसोबत फोटो काढावासा वाटला तर त्यात गैर काहीच नाही. आनंदच आहे तो. प्रश्न आहे तो आनंद आपण किती महाग करून ठेवलाय याचा.

फॅशनच्या जगात ‘सीझन’ नावाची चीज असते. लॅक्मे फॅशन वीक वर्षातून दोनदा भरतो. एकदा उन्हाळी कपडे येतात, एकदा हिवाळी आणि सणासुदीचे. तिथं रॅम्पवर जे चालतं ते काही महिन्यांत इन्स्टावर येतं, आणि मग त्याची कॉपी वजिराबादच्या नाहीतर गंजगोलाईच्या दुकानात पुतळ्याच्या अंगावर दिसते. 2017 च्या डिसेंबरमध्ये अनुष्का शर्माने लग्नात फिकट गुलाबी लेहंगा घातला. सब्यसाचीचा होता तो. त्यानंतर लाल शालू सोडून ‘पेस्टल’ मागणाऱ्या नवऱ्या आपल्याकडच्या लग्नांतही दिसायला लागल्या.

पण मराठवाड्याचा सीझन रॅम्पवर ठरत नाही, मोंढ्यात ठरतो. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, लातूरच्या मार्केट यार्डात गाड्यांच्या रांगा लागतात, हातात पैसा आला की दिवाळीचे कपडे होतात. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात. तूर, हरभरा निघाला की पुढचे बस्ते बांधले जातात. आपल्या घरातल्या बहुतेक नव्या कपड्यांमागं कुठलं ना कुठलं पीक उभं असतं. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांचं दुकान, रिक्षा, मजुरी शेवटी त्याच पैशावर चालते.

म्हणून एक हिशोब करून बघू. 2025-26 साठी केंद्र सरकारने सोयाबीनला क्विंटलमागं 5,328 रुपये हमीभाव जाहीर केला. समजा पाच डेज आणि गॅदरिंग मिळून साडी, ब्लाउजची शिलाई, मॅचिंग, पार्लर असा आठ हजारांचा खर्च झाला. म्हणजे दीड क्विंटल सोयाबीन. तेही हमीभाव मिळाला तर. मोंढ्यात सोयाबीन हमीभावाच्या खालीच विकायची वेळ किती वेळा येते, हे तुमच्या वडिलांना विचारा. आणि 2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नांदेड-लातूरमध्ये काय झालं, हे तर वेगळं सांगायला नको. मुखेडपासून अहमदपूरपर्यंत पाण्यात उभी पिकं आपण सगळ्यांनी पाहिली. ज्या घरातलं सोयाबीन शेतातच कुजलं, त्या घरातल्या पोरीला आपण पोस्टरवर ‘कम्पल्सरी’ सांगतो. तिनं काय करावं?

हे फक्त कॉलेजात होतं असं नाही. घरातल्या लग्नात बघा. हळदीला पूर्वी मुद्दाम जुनी साडी नेसायचे, कारण डाग पडणारच. आता हळदीला पिवळा डिझायनर ड्रेस, मेंदीला हिरवा, संगीतला चमचमणारा गाऊन, लग्नात शालू, रिसेप्शनला घागरा. शिवाय प्री-वेडिंग शूटचे कपडे वेगळेच. नवरीचं सोडा, तिच्या बहिणींना आणि मैत्रिणींनाही ‘थीम’ असते. ज्या डागासाठी जुनी साडी होती, तो डाग आता पाच हजारांच्या ड्रेसवर पडू नये म्हणून हळदच बोटभर लावतात!

यात आणखी एक गंमत आहे. पोरांना हे काहीच लागू नाही. एक पांढरा कुर्ता आणि जीन्स ट्रॅडिशनल डेला चालतो, गणपतीला चालतो, शिवजयंतीला चालतो, मित्राच्या लग्नातही चालतो. वर भगवा फेटा बांधला की झाला राजबिंडा. तो कुर्ता गेल्या वर्षीचाच आहे का, असं त्याला कुणी विचारत नाही. पोरीला मात्र गेटवरच ऐकावं लागतं, ‘अगं, ही तर फ्रेशर्सला घातली होतीस ना?’ मित्रांनो, हे वाचून हसला असाल तर तुमच्या ग्रुपमधल्या एकीला विचारा, हे वाक्य तिनं किती वेळा ऐकलंय. आणि मैत्रिणींनो, खरं बोलायचं तर हे वाक्य बऱ्याचदा आपल्याच तोंडून निघतं.

‘पण परंपराच आहे तशी,’ असं कुणी म्हणेल. कपड्यांच्या परंपरा किती जुन्या असतात, याचं एक उदाहरण देते. नवरात्रातले नऊ रंग. आज बँकेपासून बसस्टँडपर्यंत सगळ्या बायका त्या त्या दिवशी त्या त्या रंगात दिसतात. आईला वाटतं, हे पूर्वीपासून आहे. प्रत्यक्षात ही पद्धत रुजून जेमतेम वीस-बावीस वर्षं झालीत. मुंबईच्या एका मराठी दैनिकाने रंगांची यादी आणि वाचक महिलांचे फोटो छापायला सुरुवात केली, आणि ती महाराष्ट्रभर पसरली. बायकांना मजा आली, त्यांनी ती उचलली. छानच झालं. पण यातून एक कळतं की रीत आपणच तयार करतो. मग एक नवी रीत आपणही तयार करू शकतो की.

ती रीत म्हणजे रिपीट. आलिया भट्टचं लग्न झालं एप्रिल 2022 मध्ये. लग्नात नेसलेली तीच साडी नेसून ती ऑक्टोबर 2023 मध्ये राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार घ्यायला गेली. राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार घेताना, सगळ्या देशाचे कॅमेरे समोर असताना. जिच्याकडं डिझायनर स्वतःहून कपडे पाठवतात, तिला तीच साडी दुसऱ्यांदा नेसताना लाज वाटली नाही. मग आपण फ्रेशर्सची साडी गॅदरिंगला नेसलो तर काय आभाळ कोसळणार आहे?

दुसरं म्हणजे, ज्याला आज दुकानदार ‘डिझायनर’ म्हणून विकतात, त्यातलं बरंचसं आपल्या घरातल्या ट्रंकेत पडून आहे. खणाचंच बघा. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचं हे कापड आपल्या आज्यांच्या चोळीला असायचं. काही वर्षांपूर्वीपर्यंत खण म्हणजे ‘म्हातारीचं’ समजलं जायचं. आता खणाची साडी, खणाचा ड्रेस, खणाची पर्स, सगळं ट्रेंडमध्ये आहे आणि त्याचे दामही तसेच आहेत. आजीच्या इरकलीचंही तेच. लाल पदराची ती इरकल आणि त्यावर खणाचं ब्लाउज घालून बघा, हजारो रुपयांच्या ‘एथनिक लूक’मध्ये यापेक्षा वेगळं काही नसतं.

पैठणीचं तर काय सांगावं! पैठणवरून वाहत आलेली गोदावरीच पुढं आपल्या नांदेडच्या घाटांवर येते. हातमागावरची पैठणी विणायला महिनेच्या महिने लागू शकतात. पदरावरचा मोर धागा धागा गुंफून भरतात, म्हणून अस्सल पैठणीचा पदर उलटून बघितला तरी नक्षी तशीच दिसते. अशी साडी एका फंक्शनसाठी विणलीच जात नाही. ती आईची मुलीला, मुलीची नातीला जावी म्हणूनच असते. एकदा नेसून कपाटात ठेवायची गोष्ट आपल्या विणकरांनी कधी शिकवलेलीच नाही.

आणि ट्रॅडिशनल डे म्हणजे फक्त नऊवारी आणि नथ, हे तरी कुणी ठरवलं? किनवट-माहूरच्या तांड्यांवरच्या आज्या आरसे आणि कवड्या लावलेली फेटिया-कांचळी हातानं शिवतात. तसलाच आरशांचा घागरा ऑनलाइन ‘बोहो’ म्हणून विकतात आणि आपण तो मागवतो. पण वर्गातली बंजारा मैत्रीण त्या दिवशी आजीची फेटिया घालायची सोडून भाड्याची नऊवारी शोधत फिरते, कारण पोस्टरवर नऊवारीचाच फोटो असतो. तिनं आजीचा घागरा घालून यावं, नांदेडच्या शीख मैत्रिणीनं फुलकारीचा दुपट्टा घ्यावा, देगलूरकडच्या मैत्रिणीनं तेलंगणातल्या मामीची गडवाल नेसावी, कुणी ईदचा शरारा घालावा. हा सगळा आपलाच भाग आहे. असा ट्रॅडिशनल डे फुकटात होतो आणि बघायलाही जास्त भारी दिसतो.

कपड्यांवर खर्च करूच नका, असं मात्र मी म्हणणार नाही. या सीझनवर पोट असणाऱ्या कितीतरी बायका तुमच्या गल्लीतच आहेत. फॉल-पिको करणाऱ्या काकू, ब्लाउज शिवणाऱ्या ताई, आरी वर्कच्या फ्रेमवर रात्री उशिरापर्यंत मान मोडून बसणाऱ्या पोरी. हैदराबादकडून आलेली आरी वर्कची लाट सध्या आपल्याकडं जोरात आहे. क्लास करून घरीच ऑर्डर घेणाऱ्या आणि त्यातून कॉलेजची फी भरणाऱ्या मुली तुमच्याच वर्गात असतील. त्यांच्याशी आपण कसं वागतो? ऑनलाइन घागऱ्याचे पैसे आधीच भरतो. ताईंना मात्र ‘उद्याच पाहिजे’ म्हणून मागं लागतो आणि शिलाई देताना म्हणतो, ‘पुढच्या वेळी देते.’ चार नव्या कपड्यांपेक्षा घरातल्याच साडीवर एक ब्लाउज नीट शिवून घेतलं आणि त्याचे पैसे रोख दिले, तर आपला खर्चही कमी आणि ताईंची लग्नसराईही चांगली जाते.

म्हणून यंदाच्या गॅदरिंग कमिटीकडं, म्हणजे तुमच्याकडंच, चार साधी मागणी आहेत.

पहिली, पोस्टरवरून ‘कम्पल्सरी’ हा शब्द काढा. ड्रेसकोड नाही म्हणून कुणाला स्टेजवर जाऊ न देणं, ग्रुप फोटोतून बाजूला करणं, दंड लावणं हे बंद. दुसरी, पाच दिवसांच्या पाच थीम नकोत, एकच दिवस ठेवा. एक दिवस सगळे आले तर तो पाच दिवसांपेक्षा जास्त रंगतो. तिसरी, गॅदरिंगच्या पंधरा दिवस आधी कॉमन रूममध्ये एक कपाट ठेवा. ज्यांच्याकडं जास्तीच्या साड्या, घागरे, दागिने आहेत त्यांनी तिथं द्यावेत, ज्यांना हवेत त्यांनी नेऊन, धुऊन, इस्त्री करून परत आणावेत. वहीत नुसता कपडा लिहायचा, नेणारीचं नाव कुणाला दिसायला नको. एक मॅडम आणि दोन मैत्रिणी एवढ्यात हे काम होतं. चौथी, ‘बेस्ट ड्रेस’ हे बक्षीस देतच असाल तर सगळ्यात जुन्या कपड्याला द्या. आईच्या लग्नातली साडी, आजीची इरकल, मोठ्या बहिणीचा ड्रेस. कपडा कुणाचा आणि किती वर्षांचा, हे दोन वाक्यांत स्टेजवर सांगायचं. बघा, टाळ्या कशाला जास्त पडतात.

यासाठी ठराव नको, निधी नको, प्राचार्यांची सही सुद्धा बहुधा लागणार नाही. पोस्टर बनवणारी पोरं-पोरी तुमच्याच ग्रुपमध्ये आहेत, त्यांना आजच मेसेज टाका. आणि दरवर्षी त्या आठवड्यात ‘गावाकडं काम’ निघणाऱ्या मैत्रिणीला स्वतः फोन करा. ‘काय घालणार?’ हे नका विचारू. ‘येतेस ना? मी गेल्या वर्षीचीच साडी नेसणार आहे,’ एवढंच सांगा.