आधी पुस्तकांखाली, मग पाठीवर!

सेल लागला की सॅकसोबत हायड्रेशन ब्लॅडरही आपण कार्टमध्ये टाकतो. बघतो काय, तर लिटर आणि रंग. पण एप्रिलच्या उन्हात कळसूबाईचा १,६४६ मीटरचा माथा गाठायचा असेल, तर दोन लिटरपैकी पोटात किती जाणार आणि पाठीवर किती सांडणार, हे आधी बघा ना!

पिशवी सहसा मध्येच फाटत नाही. गळतं ते झाकणाच्या आट्यांतून, नाहीतर नळीच्या जोडातून. तिथली इवलीशी रबरी रिंग वाकडी बसली की संपलं. म्हणून दुकानातच झाकण चार-पाचदा उघडून-लावून बघा. तोंडातल्या व्हॉल्व्हला लॉक हवंच. सॅक खाली टेकवताना तो नेमका दाबला जातो. आत हात जाईल एवढं तोंड रुंद हवं. (सरबत भरणाऱ्यांनो, बुरशी लखलाभ!)

घरी आणलं की पाणी भरा, पेपरवर आडवं ठेवा, वर जाडजूड पुस्तकं रचा आणि खुशाल झोपा. सकाळी पेपर ओला? सरळ परत करा. अर्थात हे रिटर्नची मुदत संपायच्या आत, ट्रेकच्या आदल्या रात्री नव्हे. आणि बजेट तुटपुंजं असेल, तर स्वस्तातलं ब्लॅडर नकोच. दोन साध्या बाटल्या न्या. रीलमध्ये जरा कमी भारी दिसाल, इतकंच.