ओटीपोटातील अकस्मात दुखणे

घरातील मुलगा पोट धरून बसला तर सारे घर त्याच्याभोवती गोळा होते. तेच सुनेने किंवा लेकीने पोट धरले, तर "पाळी जवळ आली असेल" असा निर्वाळा दिला जातो आणि चिमूटभर ओवा व गरम पाण्याची पिशवी देऊन तिला खोलीत निजविले जाते. पुष्कळदा हा निर्वाळा खराही ठरतो. आणि त्यामुळेच ज्या दिवशी तो खोटा असतो त्या दिवशी ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

मासिक दुखण्याची चाल प्रत्येक स्त्रीला ठाऊक असते. ते कधी सुरू होते, किती वेळ टिकते, कशाने शमते, हे तिला विचारावे. दोन पाळ्यांच्या मध्यावर, बीज सुटते त्या सुमारास, एका बाजूस काही तास दुखणेही पुष्कळजणींना होते व ते आपोआप थांबते. परंतु जे दुखणे एकाएकी आले, नेहमीच्या चालीचे नाही, ज्याच्याबरोबर उलटी, ताप, घेरी किंवा अवेळी रक्तस्राव आहे, ते घरी झाकून ठेवण्याचे नव्हे.

यांतील सर्वांत घातकी कारण म्हणजे गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा. शंभर गर्भधारणांत एक ते दोन वेळा गर्भ आपल्या जागी न रुजता अन्यत्र रुजतो, आणि त्यांतील दहापैकी नऊहून अधिक वेळा ती जागा गर्भनलिकेची असते. नलिका बोटाएवढीही जाड नसते. सहा-आठ आठवड्यांत ती ताणली जाते व फुटू शकते. बाहेर दिसणारे रक्त थेंबभर, आत मात्र पोट रक्ताने भरते. हे रक्त श्वासपटलास डिवचते, आणि त्या पटलाचा मज्जातंतू मानेतून येत असल्याने कळ खांद्यात उमटते. पोटदुखीबरोबर खांदा दुखणे आणि डोळ्यांपुढे अंधारी येणे, एवढी जोडी पुरे. मग शेजारच्या दवाखान्यात रांग लावू नये, थेट शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. बर्मिंगहॅमचे शल्यविशारद लॉसन टेट यांनी 1883 साली अशी फुटलेली नलिका काढून रुग्ण स्त्रीस वाचविले. त्यापूर्वी या विकारात बहुधा मृत्यूची वाटच पाहावी लागे. आज वेळीच निदान झाले तर निवडक स्त्रियांत मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनावरही भागते, अन्यथा दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते.

"तिचे तर ऑपरेशन झाले आहे" किंवा "तांबी बसविली आहे" म्हणून गर्भाची शंकाच नको, असे घरची मंडळी ठामपणे सांगतात. तेव्हा गर्भ राहणे विरळ हे खरे. पण राहिलाच तर तो नलिकेत असण्याचा संभव अधिक. पूर्वी नलिकेला सूज आली असेल, क्षयाची बाधा झाली असेल, तरीही तसेच.

दुसरे कारण बीजांडकोशास पीळ पडण्याचे. बहुधा कोशावर गाठ असते, तिच्या भाराने तो देठासकट फिरतो व त्याचा रक्तपुरवठा तुटतो. कळ एकदम, तीव्र, एका बाजूस, सोबत उलट्या. मधूनच थांबते म्हणून घरचे निश्चिंत होतात. हे शाळकरी मुलीसही होऊ शकते. काही तासांत पीळ सोडविला तर कोश वाचण्याची आशा असते. सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसला तरी पीळ नाहीच असे म्हणता येत नाही, म्हणून अनुभवी डॉक्टर लक्षणांवरच निर्णय घेतात.

आंत्रपुच्छाचा दाह, मूतखडा, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांचेही दुखणे याच भागात उतरते. गर्भाशय व नलिकांच्या संसर्गात दोन्हीकडे दुखते, ताप व दुर्गंधी स्राव असतो. त्यावर साधारण चौदा दिवस प्रतिजैविके पूर्ण घ्यावी लागतात, आणि पतीचीही तपासणी व उपचार व्हावे लागतात. ही शेवटची गोष्ट आमच्या घरांतून हमखास टाळली जाते. तिची किंमत पुढे वंध्यत्वाच्या रूपाने एकटी स्त्री भरते.

डॉक्टर प्रथम नाडी, रक्तदाब व पोट पाहतात आणि शेवटच्या पाळीची तारीख विचारतात. ती तारीख दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी एका टिंबाने नोंदली तरी पुरे. लघवीवरील गर्भचाचणी काही मिनिटांत होते. वय व प्रसंग पाहून ती अविवाहित मुलीचीही केली जाते, त्यात कोणी अपमान मानू नये. तपासताना सासूबाईंनी, आईनेसुद्धा, क्षणभर बाहेर थांबावे. जे त्यांच्यासमोर सांगता येत नाही, त्यातच कधी निदान दडलेले असते.

आपल्यासारख्या परमुलखी स्थिरावलेल्या घरांची आणखी एक अडचण आहे. 'ओटीपोट' हा शब्द इंदूर-ग्वाल्हेरच्या हिंदीभाषी डॉक्टरास कळत नाही. तेथे 'पेडू' म्हणावे. बडोद्यासही हाच शब्द चालतो. बेळगावकडे कन्नड परिचारिकेस 'किब्बोट्टे' म्हटले की चटकन उमजते. 'दिवस गेले आहेत' याचे शब्दशः हिंदी केले तर ऐकणाऱ्यास काहीच बोध होत नाही, आणि नेमकी तीच माहिती सर्वांत मोलाची असते. तेथे आडवळण सोडून 'माहवारी चुकली आहे, गर्भ असू शकतो' असे सरळ सांगावे.

रुग्णालयात नेईपर्यंत एरंडेल किंवा जुलाब देऊ नये. आंत्रपुच्छाचा दाह असेल तर घात होतो. कळ तीव्र असल्यास खायलाही देऊ नये, कारण भूल द्यावी लागेल. वेदनाशामक औषधाने निदान झाकले जाते ही जुनी समजूत आता मागे पडली आहे; डॉक्टर तपासून ते देत असतील तर आडकाठी करू नये. नलिकेतील गर्भाचा उपचार झालेल्या स्त्रीने पुढील वेळी पाळी चुकताच लवकर सोनोग्राफी करावी, आणि रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शनाविषयी तीन दिवसांच्या आत विचारून घ्यावे.