चुली वाटल्या किती, पेटल्या किती?



रिठदच्या आमच्या स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात धुराडं असलेली मातीची चूल आहे. तिच्यावर सध्या लोणच्याची बरणी असते! सासूबाई सांगतात, "निर्धूर चूल गं ती. आली तेव्हा केवढं कौतुक! पण तोंडात तुऱ्हाटी मावेना, मागच्या भांड्यातलं वरण शिजेना, निखाऱ्यावर भाकरी शेकता येईना. मग कोण पेटवतं?" कागदोपत्री मात्र ती यशस्वीच ठरली असेल.

राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला. २००२ मध्ये तो संपेपर्यंत देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसल्या. आकडा केवढा मोठा! पुढे ओडिशात एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच चुलींचा चार वर्षे पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी श्वासातून जाणारा धूर कमी झाला, नंतर फरक उरला नाही. चुली नियमित पेटल्या नाहीत, त्यांची डागडुजीही झाली नाही.

गॅसचंही तसंच. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला आठ कोटीवी जोडणी दिली गेली. काम मोठंच झालं. पण त्याच वर्षीच्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात दिसलं, की जुन्या लाभार्थींनी वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडरच घेतले. तेवढ्यात पाच माणसांचा वर्षभराचा स्वयंपाक होतो का, हे आपल्याला कोणी शिकवायला नको!

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. एकदा वर्गात विचारलं, "कोणाकडे गॅस आहे?" बहुतेक सगळे हात वर. मग विचारलं, "काल रात्रीची भाकरी चुलीवर कोणाकडे झाली?" पुन्हा तितकेच हात! प्रश्न बदलला, तेव्हा खरं कळलं.

म्हणून बाई, एवढं करा. बचत गटातून एखादी वस्तू वाटलीत, तर तीन महिन्यांनी त्या घरी चहाला जा. वस्तू वापरात आहे की माळ्यावर, ते डोळ्यांनी बघा. 'आवडली का?' असं विचारू नका, भिडेखातर सगळ्याच 'हो' म्हणतात. 'काल वापरली का? नाही तर का नाही?' असं विचारा. आणि नवी वस्तू करणाऱ्यांनी आधी भाकरी थापणारीला विचारावं.

आमच्याकडे यंदा भाकरी गॅसवर आणली. आंघोळीचं पाणी तेवढं परसातल्या चुलीवर, तेही वाळल्या लाकडावर. महिन्याला किती सिलिंडर लागतात ते मी वहीत लिहितेच. पण माझा खरा हिशेब वेगळा आहे. रात्री सासूबाई खोकत किती वेळा उठतात, ते मी मोजते. पूर्वी चार-पाचदा उठायच्या. आता एखाद्या वेळी उठतात.

तुमच्या घरचा हिशेब काय सांगतो? जरूर कळवा.