खचदरीचा हिशेब



नर्मदा आणि तापी पश्चिमेला वाहतात, कारण त्या खचदरीतून जातात, हे आपण शाळेत पाठ केले. पण त्याचा आपल्या विहिरीशी काय संबंध, ते कोणी सांगितले नाही. सातपुडा उंच राहिला, त्याच्या दक्षिणेची जमीन खाली खचली. त्या खड्ड्यात नद्यानाल्यांनी लाखो वर्षे गाळ ओतला. पूर्णेच्या खोऱ्यात काही ठिकाणी हा गाळ ३०० मीटरहून खोल आहे. आपली शेती त्यावर उभी आहे.

हा गाळ सगळीकडे सारखा नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे आणि जाड वाळू. नाल्याचे पाणी तिथे बघता बघता जिरते, आणि तेच खाली रावेर-यावलच्या केळीला, अकोटच्या संत्र्याला मिळते. पुढे अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णाकाठी गाळ बारीक चिकणमातीचा होतो. निचरा होत नाही, क्षार साठतात. हाच खारपाण पट्टा. विहीर खणली तर खारे पाणी. ते पिकाला दिले तर जमीन चोपण.

म्हणजे एकाच दरीत एका गावाला पाणी जिरवायचे आहे, दुसऱ्याला पावसाचे गोडे पाणी वरच साठवायचे आहे. एका मापाची योजना दोघांना कशी बसेल? २०१८ साली सुरू झालेल्या पोकरा प्रकल्पात खारपाणाची ९३२ गावे वेगळी धरली, हे बरे झाले. पण प्रकल्पाला मुदत असते, खारपाणाला नसते.

रावेर-यावलकडे जिरण्यापेक्षा उपसा जास्त, म्हणून बोअर खोल चालले. लगेच शहाणे सांगतात, केळी सोडा. पीक कोणते घ्यायचे हे शेतकरी ठरवील. पायथ्याशी पाणी जिरवणे हे मात्र एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले काम नाही. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशने तापी मेगा रिचार्जचा करार केला. करार कागदावर राहिला तर बोअरचे कर्ज आपल्याच डोक्यावर राहील.

म्हणून जिल्हा बैठकीत दोन ठराव आणावेत, असे आम्हाला वाटते. पायथ्याच्या नाल्यांवर पाणी जिरवण्याची कामे मोठ्या प्रकल्पाची वाट न पाहता आधी व्हावीत. आणि खारपाणात विहिरीऐवजी शेततळे व निचऱ्याचे चर यांना कायम अनुदान मिळावे. प्रत्येक गावाने आपल्या विहिरींची खोली आणि पाण्याची चव लिहून आणावी. ठरावाला तोच आधार.