अनध्याय

गेले चार महिने या पानावर वाचकांस आमची भेट घडली नाहीं. संपादकांनीं कारण विचारलें तेव्हां "डोळ्यांस त्रास होतो" असें आम्हीं कळविलें. वाचकहो, तें खरें नव्हतें. डोळे जसे होते तसेच आहेत. लिहिण्याजोगें मनांत कांहीं उरलें नव्हतें. ज्यांनीं जन्मभर मुलांस खोट्या सबबींबद्दल बाकावर उभें केलें, त्यांनींच उतारवयांत तशी सबब सांगावी, ही लाज प्रथम कबूल केली पाहिजे.

पहिल्या महिन्यांत सुटी गोड वाटली. दुसऱ्यांत तिची संवय जडली. तिसऱ्यांत कोऱ्या कागदाची भीति वाटूं लागली. आणि चौथ्यांत, आपण न लिहिल्यानें कोणाचें काय अडतें, हा विचार वैराग्याचा वेष घेऊन आला.

सुटी आपल्या पूर्वजांसहि मान्य होती. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या या तिथींस वेदपाठास अनध्याय असे. परंतु मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत त्यास अपवाद सांगितला आहे: वेदांगें व नित्याचा स्वाध्याय यांस अनध्याय नाहीं. आम्हीं अनध्यायाबरोबर स्वाध्यायहि सोडला, ही आमची चूक.

कोणी म्हणेल, स्फूर्ति का पंचांग पाहून येते? नाहीं येत. जर्मन भाषेंतील कवि रिल्के यानें १९१२ सालीं आरंभिलेलीं दहा शोकगीतें पुरीं व्हावयास १९२२ साल उजाडलें. पण तेवढ्या काळांत त्याची पत्रें व भाषांतरें चालूंच होतीं. आमच्या केजच्या शेजारीं आंबेजोगाईस दासोपंत (१५५१-१६१५) रोज ढब्बू पैशाची शाई संपवीत, अशी आख्यायिका आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ पासून निबंधमालेचे ८४ अंक बहुतेक एकहातीं लिहिले, आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं ते वारले. आमची साठी उलटली आहे. महिन्याचें एक पान आम्हांस जड झालें!

श्रावणांत एके सकाळीं गांवाबाहेर फिरावयास गेलों होतों. चोहोंकडे सोयाबीन हिरवें झालेलें; एका जुन्या विद्यार्थ्याचें काळें रान मात्र मोकळें दिसलें. "कां रे, पडीक ठेवलेंस?" आम्हीं विचारलें.

"पडीक न्हाई गुरुजी, ज्वारीला ठेवलंय. वखराच्या चार पाळ्या झाल्या. पाळी न्हाई घातली तर हरळी माजती अन् ओल बी टिकत न्हाई."

रब्बीच्या ज्वारीचें रान असेंच राखतात. पावसाळाभर त्यांत पेरा नसतो, तरी वखर फिरत राहतो. तण मरतें, पाणी मुरतें, आणि त्याच ओलीवर हिंवाळ्यांत कणीस भरतें. वरून तें पडीक जमिनीसारखेंच दिसतें. आमचें मन मोकळें राहिलें होतें, पण त्यावर वखर फिरला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून पूजा आटोपल्यावर रघुवंशाचा एक श्लोक मराठींत उतरवूं लागलों, आणि एक पान लिहूं लागलों. पहिलीं अकरा पानें फाडलीं. हें बारावें आहे. फारसें चांगलें नाहीं, पण खरें आहे.

आपल्या घरींहि कोणाचा तंबोरा भिंतीस टेकून राहिला असेल, कोणाची रोजनिशी अर्धी पडली असेल. त्यांनीं स्फूर्तीची वाट पाहूं नये. रोज एक पाळी घालावी. पाऊस आपल्या हातीं नाहीं, वखर आहे.

संपादकांस आजच वेगळें पत्र धाडलें आहे: डोळे ठीक आहेत.