दिघीकरांनो, पोंच घ्या !

दिघी १९९७ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत गेली. चावडीवरचा सरपंच संपला. मग मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षें नगरसेवकही नव्हते, कारभार प्रशासकाचा. 'जनसंवाद सभा' भरत, हें बरेंच झालें. पण ज्याच्यावर तक्रार तोच न्यायाधीश, मग जाब कोणास पुसावा? जानेवारी २०२६ मध्यें निवडणूक झाली. आतां आमचें बांधवांस सांगणें एवढेंच : पाणी, गटार, रस्ता यांसाठीं एकेकट्यानें साहेबापुढें हात जोडूं नका. आळीनें मिळून लेखी अर्ज द्या, तारखेची पोंच घ्या. बायांसही बरोबर न्या. नळाची वाट त्याच पाहतात. उद्यां मतें मागणारा दारीं येईल, तेव्हां ती पोंच त्याच्यापुढें ठेवा. कर भरणारी रयत भीक मागत नाहीं, हिशेब मागते.